मोडका भाग टाकावा कीं सांधावा ?

पूर्वीं शेतकऱ्याच्या घरीं जें कांहीं मोडत असे, तें बहुधा गांवांतच सांधलें जात असे. फाळ लोहार शेवटून देई, गाडीच्या चाकावर धाव तोच चढवी, जूं सुतार करी आणि फाटलेली मोट चांभार शिवून देई. आतां मोटेच्या जागीं पंप आला, चिखलणीच्या बैलांच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं पॉवर टिलर आला, कोळपणीला लहान पेट्रोल इंजिनाचें यंत्र आलें आणि फवारणीला पाठीवरचा किंवा ट्रॅक्टरमागचा पंप आला. हीं सर्व यंत्रें येतांना आपल्याबरोबर एक नवा धातु घेऊन आलीं. त्याचें नांव ॲल्युमिनियम. भांड्यांच्या रूपानें या धातूचा व आमचा परिचय जुना आहे. पण त्याचें ओतीव काम तुटलें असतां काय करावें, हें ना लोहारास ठाऊक, ना आम्हांस. परिणाम असा झाला आहे कीं, बोटभर चिरेपायीं अख्खें यंत्र पडवींत पडून राहतें; किंवा चांगला सांधतां येण्याजोगा भाग भंगारवाल्याच्या काट्यावर जातो; किंवा, आणि हें सर्वांत वाईट, कोणी अर्धवट कारागीर त्यावर भलतीच कांडी चालवून तो कायमचा निकामी करितो. या तिन्ही गोष्टी टाळतां येण्याजोग्या आहेत असें आमचें मत आहे, व तें सकारण मांडण्याकरितां हा लेख आहे.

त्र्यंबकेश्वर तालुक्यापुरतें बोलावयाचें तर या प्रश्नाला ऋतूची धार आहे. ब्रह्मगिरी व अंजनेरी यांच्या कुशींतील आमचीं शेतें भात, नागली आणि वरई यांचीं. पाऊस भरपूर, पण कामाचे दिवस मोजके. आषाढांत खाचरांत पाणी उभें राहिलें व रोप लावणीला आलें, कीं चिखलणी त्याच आठवड्यांत झाली पाहिजे. रोप वाफ्यांतच जून झालें म्हणजे पुढें फुटवे कमी येतात, हें कोणास सांगावयास नको. अशा वेळीं टिलरच्या एखाद्या झांकणाला तडा जाऊन तेल गळूं लागलें, तर तो भाग नाशकांत मिळतो कीं नाहीं याची चौकशी, न मिळाल्यास पुण्या-मुंबईहून मागवणें, आणि तोंपर्यंत भाड्याच्या टिलरसाठीं दुसऱ्याच्या बांधावर ताटकळत उभें राहणें, एवढें सर्व ओघानें आलें. हरसूलकडील शेतकऱ्यास तर नाशिक गांठावयाचें म्हणजे दिवस मोडतो. आणि श्रावणी सोमवारीं ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेची गर्दी लोटली म्हणजे त्र्यंबक-नाशिक रस्त्यानें मोडकें इंजिन घेऊन जाणें किती सुखाचें असतें, तें अनुभवी वाचक जाणतातच. सबब मोडक्या भागापायीं होणारें नुकसान त्या भागाच्या बाजारभावावरून मोजूं नये. तें लावणीवांचून राहिलेल्या खाचरांवरून मोजावें.

हा धातु आमच्या यंत्रांत शिरला तो हलकेपणामुळें. बीड पाण्याच्या सातपट जड, तर ॲल्युमिनियम अवघें पावणेतीनपट. पाठीवर घ्यावयाचा पंप किंवा दोघांनीं उचलून बांधावरून न्यावयाचें कोळपणीचें यंत्र बिडाचें करून चालणार नाहीं. १८८६ सालापर्यंत हा धातु दुर्मिळ व महाग होता. त्या वर्षीं अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें हेरोल्ट या बावीस-तेवीस वर्षांच्या दोघां तरुणांनीं, एकमेकांस न ठाऊक असतां, विजेच्या साहाय्यानें तो स्वस्तांत काढण्याची एकच रीत शोधिली. १९०३ सालीं राइट बंधूंनीं जें विमान उडविलें, त्याच्या इंजिनाची बॉडी ॲल्युमिनियमचीच ओतीव होती. आमच्याकडील शेतीचीं जुनीं इंजिनें, साताऱ्याच्या कूपर यांचीं काय किंवा किर्लोस्करांचीं काय, मुख्यतः बिडाचीं, जड आणि सावकाश फिरणारीं. त्यांचा कान तुटला तर पितळेची झाळ देऊन बसवीत व तो वर्षानुवर्षें चाले. ती रीत आमच्या कारागिरांच्या हातांत इतकी मुरलेली आहे कीं, नव्या धातूलाही ते तीच लावूं पाहतात. येथेंच सारी चूक होते.

लोखंड तापलें कीं आधीं लाल होतें, मग पिवळें होतें, आणि आतां तें वितळणार हें कारागिराला डोळ्यांनीं कळतें. ॲल्युमिनियम अशी कसलीही सूचना देत नाहीं. शुद्ध धातु ६६० अंश सेल्सिअसला वितळतो. इंजिनाच्या भागांत सिलिकन मिसळलेलें असतें, त्यामुळें ते त्याहूनही आधीं, कांहीं तर ५८० अंशांच्या आसपासच, पाझरूं लागतात. आणि रंग शेवटपर्यंत पांढराच. आमच्या ओळखीच्या एका बागायतदारानें पंपाच्या बॉडीवरील तेलाची मळी जाळण्याकरितां ती रात्रीं निखाऱ्यांवर ठेविली. सकाळीं राखेंत चांदीसारखा एक गोळा सांपडला.

दुसरी अडचण वरच्या सायीची. या धातूला हवा लागतांच त्यावर ऑक्साइडची अत्यंत पातळ साय धरते, व ही साय वितळण्यास २००० अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणजे आंतील धातु पाण्यासारखा झाला तरी वरची साय जशीच्या तशी. दोन तुकडे शेजारीं शेजारीं वितळतात, पण एकजीव होत नाहींत. वरून पाहणाऱ्यास मात्र सांधा लागलासा वाटतो. अशा सांध्याचें इंजिन शेतावर नेऊन सुरू केलें कीं पहिल्या तासांतच तो उघडा पडतो आणि मग "ॲल्युमिनियमचें वेल्डिंग टिकतच नाहीं" असा सिद्धान्त चावडीवर मांडला जातो. त्यांत भर म्हणजे हा धातु बिडाच्या दुपटी-तिपटीनें उष्णता पळवितो आणि तापल्यावर बिडाच्या सुमारें दुप्पट फुगतो. एका टोकाला आंच दिली कीं दुसरें टोकही तापतें, आणि निवतांना सारा भाग आंखडून वांकतो किंवा शेजारीं दुसरा तडा घेतो. शिवाय वर्षानुवर्षें तेलांत राहिलेल्या ओतीव कामाच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेलें असतें. आंच लागतांच तें वर येतें, व सांधा काळा आणि सच्छिद्र होतो. पातळ आणि गुळगुळीत झांकणें बहुधा दाबाखालीं सांच्यांत ओतलेलीं असतात. त्यांत हवाही कोंडलेली असते व ती वितळलेल्या धातूंतून बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर येते. अशा झांकणांवर काम करणाऱ्यानें एकदां लावलेला धातु पुन्हां घासून काढून दुसऱ्यांदा लावण्याची तयारी ठेविली पाहिजे.

या सर्वांवर जी रीत उतारा म्हणून आज सर्वमान्य आहे, तिला आमच्याकडील कारखान्यांत "आर्गन वेल्डिंग" म्हणतात. टंगस्टनच्या टोंकापासून विजेची ज्योत निघते, तिच्याभोंवतीं आर्गन वायूचा पडदा असतो, व भरावयाची तार दुसऱ्या हातानें वेगळी द्यावयाची असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील विमानांच्या कारखान्यांतून ही रीत पुढें आली. आतां यांतील मर्म असें कीं, ॲल्युमिनियमकरितां वीज ए.सी. म्हणजे उलटसुलट वाहणारी लागते. एका दिशेच्या प्रवाहानें ती साय फुटून उडते, दुसऱ्या दिशेच्या प्रवाहानें धातु वितळतो, आणि सेकंदांत पन्नास किंवा त्याहून अधिक वेळां ही अदलाबदल चालते. स्टीलच्या जिन्यांचे कठडे व दरवाजे करणाऱ्या पुष्कळ दुकानांत आर्गनचें मशीन असतें. परंतु तें केवळ डी.सी. असतें. त्यावर स्टेनलेस स्टील उत्तम होतें. ओतीव ॲल्युमिनियमचें मात्र मातेरें होतें. म्हणून कारागिराचें दुकान किती मोठें, पाटी किती रंगीत, हें न पाहतां शेतकऱ्यानें पहिला प्रश्न एकच विचारावा : "तुमचें मशीन ए.सी. आहे का ?" या प्रश्नाचें उत्तर जो चांचरत देईल, त्याच्या हातांत आपला भाग देऊं नये.

दुसरा प्रश्न तारेचा. इंजिनाच्या ओतीव भागांना सुमारें पांच टक्के सिलिकनची तार, जी बाजारांत ४०४३ या क्रमांकानें मिळते, किंवा सुमारें बारा टक्के सिलिकनची ४०४७ लागते. मॅग्नेशियमची ५३५६ ही तार पत्र्याच्या कामाला चांगली व दुकानांत हाताशीं असते म्हणून ती सर्रास वापरली जाते. परंतु सिलिकनयुक्त ओतीव कामाशीं तिचें पटत नाहीं, आणि सतत तापणाऱ्या भागांत ती चिरण्याचा संभव असतो.

गॅसच्या ज्योतीनें ॲल्युमिनियम सांधतां येत नाहीं असें नाहीं. आर्गन येण्यापूर्वीं तसेंच सांधीत, आणि ज्यांचा हात बसला होता त्यांचें काम उत्तम होई. पण त्यास जो फ्लक्स लागतो, तो सांध्यावर राहिला तर धातु खातो. काम होतांच गरम पाण्यानें व ब्रशनें तो पूर्णपणें धुवून काढावा लागतो, आणि नेमकें तेंच कोणी करीत नाहीं. कमी आंचेवर वितळणाऱ्या, जस्त मिसळलेल्या कांड्या हल्लीं जत्रेंतल्या औषधासारख्या विकल्या जातात. तेलाचें झांकण, हवेच्या नळीचा तुकडा अशा ताण नसलेल्या जागीं त्या चालतील; इंजिनाचा पाय त्यांच्या भरंवशावर उभा करूं नये. मळून लावावयाच्या लांबीचेंही तसेंच. गळती चार दिवस थांबविण्यास ती ठीक आहे, पण पुढें वेल्डिंग करावयाचें असेल तर आधीं लांबी मुळींच लावूं नका. चिरेंत शिरलेली लांबी कारागीर तासभर खरडीत बसतो आणि तरी ती पुरती निघत नाहीं.

आतां काम कसें झालें पाहिजे तें सांगतों, म्हणजे वाचकांस शेजारीं उभें राहून पाहतां येईल. प्रथम भाग निखळ धुवावा. फवारणीच्या पंपाचा भाग असेल तर तो घरींच साबणाच्या पाण्यानें दोन-तीनदां धुवून न्यावा. त्यावर राहिलेलें कीटकनाशक तापून त्याचा धूर कारागिराच्या छातींत जाणें हें पाप आहे. कॉस्टिक सोडा मात्र वापरूं नये, तो ॲल्युमिनियमला खातो. ब्रेक साफ करण्याच्या ज्या फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रावक असतात, त्यांनीं पुसलेल्या भागावर तर ज्योत कदापि नेऊं नये. त्यापासून फॉस्जीन नांवाचा वायु होतो. पहिल्या महायुद्धांत माणसें मारण्याकरितां वापरला तोच हा वायु. पुसण्यास ॲसिटोन पुरेसें आहे, व तें उडून गेल्यावरच काम सुरू करावें.

मग चिरेचीं दोन्ही टोकें शोधावीं. डोळ्यांना दिसते त्याहून चीर नेहमीं लांब असते. लाल रंगाचें शोधक द्रव्य लावून, पुसून, वर पांढरी भुकटी फवारली कीं लपलेली चीर लाल रेघेसारखी उमटते. प्रत्येक टोकापुढें एक लहान छिद्र पाडावें, म्हणजे ती पुढें धांवत नाहीं. त्यानंतर चिरेच्या जागीं इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खांच करून सर्व काळा धातु काढून टाकावा. येथें ग्राइंडरच्या साध्या चाकापेक्षां धातूच्या कटरनें किंवा कानशीनें केलेलें काम चांगलें. साध्या चाकाचे कण मऊ धातूंत रुतून बसतात. शेवटीं स्टेनलेस स्टीलच्या ब्रशनें घासावें, आणि तो ब्रश केवळ ॲल्युमिनियमकरितांच राखून ठेवलेला असावा. लोखंडावर चालविलेला ब्रश यावर चालवणें म्हणजे गंजाचें बीं पेरणें होय.

जाड भाग असेल तर त्यास आधीं १५० ते २०० अंशांपर्यंत सर्व बाजूंनीं सारखें तापवावें. तापमान दाखविणारे खडू बाजारांत मिळतात. तो नसेल तर तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब जसा पसरून न राहतां नाचत नाहींसा होतो, तशी परीक्षा करावी. यापुढें तापवण्याचा मोह नको, कारण कारखान्यांत विशेष आंच देऊन आणलेला भागाचा कणखरपणा अधिक तापविल्यास उतरतो. पहिला थर देतांना काळा बुडबुडा आला तर तो तसाच दाबून पुढें न जातां घासून काढावा व पुन्हां द्यावा. जेथें सपाट पृष्ठ बिघडण्याचें भय असेल, तेथें भाग जाड लोखंडी पट्टीवर बोल्टांनीं आवळून मगच सांधावा. आणि झाल्यावर पाण्यांत बुडवून निववूं नये. कोरड्या राखेंत किंवा जुन्या गोणपाटांत गुंडाळून सावकाश निवूं द्यावा. या शेवटच्या बाबतींत घाई करणारा शेतकरीच असतो, कारागीर नव्हे.

इतक्यानें काम संपत नाहीं. सांधलेल्या भागाची बैठक लेथवर किंवा सपाट फळीवर तपासून घ्यावी, बोल्टांचीं छिद्रें एका रेषेंत आहेत कीं नाहींत तें पाहावें, आणि पाणी किंवा तेल धरणारा भाग असेल तर त्यांत रॉकेल भरून रात्रभर ठेवावा. बाहेरून खडूची पूड लावली असेल तर बारीकशी पाझरही सकाळीं डाग होऊन दिसते. नुसते आटे गेले असतील तर वेल्डिंगची गरजच नाहीं. छिद्र मोठें करून त्यांत पोलादी तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे बसवितां येतात, व ते मूळच्या आट्यांहूनही अधिक टिकतात.

येथवर वाचून सर्वच भाग सांधावे असा कोणी अर्थ काढील, म्हणून स्पष्ट सांगणें जरूर आहे. इंजिनाचा तुटलेला कान, बसावयाचा पाय, बाजूचीं झांकणें, तेलाची कढई, पाण्याच्या पंपाची बॉडी, हे भाग बेलाशक सांधावे. बेअरिंगची बैठक व सिलिंडरचें हेड हीं जोखमीचीं. सांधल्यावर यंत्रावर पुन्हां मापांत आणण्याची सोय असेल तरच त्यांस हात लावावा. परंतु पिस्टन, कनेक्टिंग रॉड (लहान इंजिनांत हाही पुष्कळदां ॲल्युमिनियमचा असतो), फवारणीच्या ब्लोअरचा पंखा, दाब धरणारी हवेची टाकी, आणि ब्रेक किंवा स्टिअरिंगचा कोणताही भाग सांधूं नये, सांधून देणारा मिळाला तरी सांधूं नये. मिनिटाला हजारों फेरे फिरणारा पंखा फुटला तर त्याचा तुकडा ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या पाठींत शिरतो. तेथें चार पैसे वांचविणें ही काटकसर नव्हे.

लांकूड कापण्याच्या पेट्रोल करवतीविषयीं एक निराळा इशारा. तिची बॉडी पुष्कळदां ॲल्युमिनियमची नसून मॅग्नेशियमची असते. रंग सारखाच, वजन त्याहूनही कमी. कानशीनें घासलेल्या जागीं व्हिनेगरचा थेंब टाकून पाहावा. बुडबुडे फसफसून आले तर तें मॅग्नेशियम समजावें. त्याचा कीस पेट घेतो, आणि त्यावर पाणी ओतलें कीं आग विझण्याऐवजीं भडकते. असा भाग गांवच्या कारागिराकडे देऊंच नये.

आतां ज्या गोष्टीकडे आमचें सर्वांत कमी लक्ष असतें तिच्याकडे वळूं. भाग कां मोडला ? उत्तम सांधलेला कान महिन्याभरांत पुन्हां तुटतो, तो बहुधा वेल्डरच्या दोषानें नव्हे. इंजिनाच्या चार पायांपैकीं एकाचा बोल्ट ढिला असतो, राहिलेले तीन पाय चौघांचा भार वाहतात, आणि कंपानें त्यांतील एक थकून चिरतो. तो सांधून आणला, पण ढिला बोल्ट तसाच राहिला, तर पुन्हां तेंच होणार. पायाखालचें लांकूड एका बाजूस झिजलेलें असतें, व बोल्ट आवळतांच पाय तिरका ओढला जातो. पट्टा गरजेपेक्षां ताणलेला असतो. अडकलेलें बेअरिंग काढण्याकरितां बाहेरून हातोड्यानें ठोकतात. बिडाच्या काळांत तें कसेंबसें चालून गेलें, येथें चालत नाहीं. बेअरिंग बसवावयाचें असेल तर भाग हलकासा तापवावा. तो फुगतो आणि बेअरिंग हातानें जागीं बसतें. एकाला पाना कमी पडतो म्हणून दुसरा त्यावर नळी चढवून बोल्ट आवळतो व आटे उपटतो. थंड पाण्याचा पुरवठा तुटलेला असतां इंजिन चालूं ठेवून हेड वांकडें करणारेही आम्हांमध्यें आहेत. तात्पर्य, मोडका भाग घेऊन जातांना मोडण्याचें कारणही शोधून न्यावें, व तें कारागिरास सांगावें. त्यावरून सांध्याला कोठें अधिक धातु भरावयाचा तें त्यास ठरवितां येतें.

हें सारें ज्ञान दूर कोठें आहे असें नाहीं. त्र्यंबक रस्त्यावरच सातपूरची औद्योगिक वसाहत व तेथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, जेथें वेल्डरच्या विद्येस "संधाता" असें सुरेख नांव दिलेलें आहे. नाशिकच्या पलीकडे ओझर येथें १९६४ सालापासून विमानें बांधण्याचा कारखाना आहे. आणि विमानें बांधणें म्हणजे हलक्या धातूंशीं संसार करणें होय. विद्या इतक्या जवळ असतां आमचे भाग भंगारांत जावे, हें विचार करण्यासारखें आहे. सातपूर-अंबडला उत्तम कारागीर आहेत, मग संस्थेनें यांत कां पडावें, असा आक्षेप येईल. त्यास उत्तर असें कीं, त्या कारागिरांचें पोट कारखान्यांच्या ठोक कामावर चालतें. शेतकऱ्याचा तेलकट एकुलता एक भाग त्यांच्या बाकावर कोंपऱ्यांत पडतो व त्याची पाळी लावणी उलटल्यावर येते. यांत त्यांचा दोष नाहीं. त्यांच्या व आमच्या हंगामाचा मेळ बसत नाहीं, एवढेंच.

सरकारी धोरणाविषयींही एक शब्द बोलावासा वाटतो. २०१४-१५ सालीं केंद्र सरकारनें कृषि यांत्रिकीकरणाचें उपअभियान सुरू केलें, व त्याखालीं टिलर, कोळपणीचीं यंत्रें, भाड्यानें देण्याचीं अवजार केंद्रें यांस अनुदान मिळालें. हें चांगलेंच झालें. पण अनुदानाच्या याद्या आम्हीं जितक्या पाहिल्या, तितक्यांत अवजारांचीं नांवें पुष्कळ आढळलीं. दुरुस्तीच्या एका मशीनचें नांव आढळलें नाहीं. गाय दावणीला बांधून द्यावी आणि गुरांचा दवाखाना मात्र पन्नास मैलांवर असावा, तशांतला हा प्रकार आहे. नवें यंत्र वाटतांना छायाचित्र काढतां येतें, सांधलेल्या कानाचें कोण काढतो ?

आमची सूचना अशी कीं, आपल्या संस्थेनें तालुक्याच्या ठिकाणीं एक ए.सी. आर्गन मशीन, लहानसें ड्रिल व सपाट फळी एवढें साहित्य ठेवावें, आणि सभासदांच्या मुलांपैकीं दोघांस संधाता अभ्यासक्रमास पाठवून त्यांच्या हातीं तें सोपवावें. वायूचा खर्च लोकांना वाटतो तितका नाहीं. नेहमींच्या मोठ्या नळकांड्यांत सुमारें सात घनमीटर, म्हणजे सात हजार लिटर आर्गन असतो. मिनिटास दहा लिटर धरले तर सातशें मिनिटें ज्योत चालते. एका साधारण चिरेला पंधरा मिनिटें प्रत्यक्ष ज्योत लागते असें समजलें, तर एका नळकांड्यांत चाळीसांहून अधिक कामें होतात. खरी अडचण विजेची आहे. पावसाळ्यांत दाब कमी-अधिक होतो आणि ज्योत मध्येंच मरते. यास्तव मशीन जेथें तीन फेजची वीज भरवशाची आहे अशाच जागीं ठेवावें लागेल, किंवा जनित्राची जोड द्यावी लागेल. तो खर्च आरंभींच धरावा, मागाहून धरूं नये. दोघांपैकीं एक तरुण शिकून पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत निघून जाईल, ही भीतीही खोटी नाहीं. म्हणूनच दोघे म्हटले. आणि हंगामाबाहेर या मशीनवर बाहेरचें काम घेण्याची त्यांस मोकळीक असावी. केवळ शेतकऱ्यांच्या चिरांवर कोणाचा संसार वर्षभर चालणार नाहीं.

दर ठरवितांना एक पथ्य पाळावें, असें आम्हांस वाटतें. सांधण्याचा व पुढील लेथकामाचा मिळून खर्च नव्या भागाच्या निम्म्याहून अधिक होत असेल आणि नवा भाग आठ दिवसांत मिळत असेल, तर सभासदास नवाच घ्या असें सांगावें, काम हातचें जात असलें तरी सांगावें. ज्या जुन्या यंत्रांचे भाग आतां कोठेंच मिळत नाहींत, त्यांस हा नियम अर्थातच लागू नाहीं. आणि जो भाग सांधण्याजोगा नाहीं, तो परत नेऊन बांधावर फेकूं नये. ॲल्युमिनियम पुन्हां वितळवून वापरण्यास, मातींतून नवें काढण्याच्या मानानें, विजेचा विसावा हिस्साच लागतो. त्यामुळें त्याच्या भंगारास नेहमींच गिऱ्हाईक असतें. मात्र बेअरिंग, बोल्ट व पोलादी तुकडे काढून वेगळे विकावे. मिसळून दिलें कीं भंगारवाला सर्वांस हलका भाव लावतो.

ही योजना येत्या वार्षिक सभेपुढें ठेवावयाची तर आधीं आंकडा हातीं पाहिजे. ज्या सभासदांच्या पडवींत असे भाग पडून आहेत, त्यांनीं यंत्राचें नांव, कोणता भाग, कोठें मोडला, किती दिवस काम अडलें आणि त्यापायीं काय केलें, एवढें एका कागदावर लिहून मकरसंक्रान्तीपूर्वीं संस्थेच्या कार्यालयांत पोंचवावें. भाग आणावयाचा झाल्यास तुटलेले सर्व तुकडे, नखाएवढे असले तरी, चिंध्यांत बांधून त्याबरोबरच आणावे. ते असले म्हणजे कारागिरास मूळचा आकार जुळवितां येतो.